दोन हजार ठिपके आणि एक भिंत

एकटं सोडलेलं काहीही, मग त्यात कितीही ऊब शिल्लक असो, शेवटी स्वतःच्याच ओढीने आत कोसळतं, हे त्याने तेवीस वर्षांपूर्वी सिद्ध केलं होतं. आणि मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, हातात निम्मा प्यायलेला चहाचा कप असताना, संस्थेचं गणकयंत्र सांभाळणाऱ्या बाईंनी त्याला जिन्यात गाठून सांगितलं की नाही कोसळत.

"सर, तुमचा गोळा झालाच नाही."

"झाला नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही झाला. नव्या यंत्रावर सहा वेळा चालवून बघितलं. फिरतायत आपले ठिपके इकडून तिकडे. मजेत आहेत."

जिन्यातून माणसं वर-खाली जात होती आणि दोघांना वळसा घालत होती. त्याने कप कठड्यावर ठेवला, मग तो पडेल असं वाटून परत उचलला. संस्थेत त्याला गोळासर म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे. पण दोनदा त्याच्या नावाच्या पत्रावर संस्थेच्या टपाल विभागाने तसं लिहून ठेवलेलं त्याने पाहिलं होतं, आणि त्याला त्यात वावगं वाटलं नव्हतं. माणसाला एका गोष्टीवरून ओळखलं जावं, आणि ती गोष्ट निदान गोल असावी. बाईंचं बोलणं चालूच होतं. संस्थेचं जुनं यंत्र, कपाटाएवढं, स्वतःची वेगळी थंड खोली असलेलं, शुक्रवारी भंगारात जाणार होतं, आणि बाई महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. दोघांना एकदमच काढायचं वरच्यांनी का ठरवलं हे बाईंना कळत होतं, पण फुलांचा गुच्छ एकच आणणार की दोन, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

"जुनं यंत्र आकडे तोडतं, सर," बाई म्हणाल्या. "दशांशाच्या आठव्या घरानंतर जे काही येईल ते सरळ कापून टाकतं. नऊ असो की एक. नवं तसं करत नाही, ते जवळच्या आकड्याला नेतं. कधी वर, कधी खाली. फिट्टंफाट."

"ते मला माहीत आहे."

"मग तुमच्या डब्याची भिंतपण कापत होती."

त्याने कप दुसऱ्या हातात घेतला.

"ठिपका भिंतीवर आपटला की वेगाचं शेवटचं शेपूट गायब. दर धडकेला. धडका किती होतात ते तुम्हीच मला एकदा हौसेने सांगितलं होतंत. तुमच्या प्रोग्राममधली ती झाकून बंद ठेवलेली ओळ आहे ना, एकूण ऊर्जा छापायची, ती मी उघडली आणि तुमचं सगळं जुन्यावर परत लावलं. घटते आहे, सर. एकसारखी घटते आहे."

"जुन्यावर? सात आठवडे लागतात त्याला!"

"जाणारच होतं ते. म्हटलं, जाता जाता त्याच्या सवयीचं काहीतरी लावावं."

एवढं बोलून बाई खाली उतरल्या. त्यांच्या चपलांचा आवाज दोन मजले ऐकू येत राहिला, आणि मग तळमजल्यावरच्या इतर आवाजांत कुठेतरी विरला. तो तिथेच उभा राहिला. चहा अर्थातच गार झाला होता. चहाचं बरं असतं, त्याला वाटलं, ऊब गेली की गार होतो आणि विषय संपतो. ताऱ्यांच्या गर्दीचं तसं नसतं. तिच्यातून ऊब काढून घेतली की ती आकसते, आकसली की आतले तारे जास्त जोरात धावू लागतात, म्हणजे ती तापते. तापली की आणखी ऊब बाहेर टाकते आणि आणखी आकसते. जेवढं द्यावं तेवढं तापत जायचं. विद्यार्थ्यांना हे सांगताना दर वर्षी एक जण तरी हसायचा, आणि त्याला तो मुलगा किंवा मुलगी लगेच आवडायची. त्याचा डबा म्हणजे हेच होतं. गोल डबा, आकड्यांचाच बनलेला, त्यात दोन हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याने बाकी सगळ्यांना ओढायचं, भिंतीवर आपटलं की आलेल्या वेगानेच परत फिरायचं, आतलं बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही. ऊर्जा एका मर्यादेच्या खाली असली की वाफेचं पाणी व्हावं तसा एका क्षणी मधोमध घट्ट गोळा होतो, आणि उरलेसुरले ठिपके त्याच्याभोवती, निघावं की थांबावं न कळणाऱ्या पाहुण्यांसारखे रेंगाळतात. मर्यादेच्या वर असली तर होत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हाही होतो, फक्त वाट पाहायची, हे त्याने दाखवलं होतं. त्याने आणि संशोधनातल्या त्याच्या जोडीदाराने. पेपरवर दोन नावं होती.

त्याने दुपारची तासिका रद्द केली आणि बाहेर पडला. रस्त्यावर ऊन होतं, पण पातळ, धुतल्यासारखं. माणसं चालत होती. कोणी कोणाच्या अंगावर जात नव्हतं. चौकातल्या दिव्यापाशी सगळी गोळा व्हायची, आता इथे काहीतरी घट्ट होणार असं वाटायचं, आणि दिवा बदलला की सुटी होऊन चारी दिशांना जायची. तेवीस वर्षं तो या चौकातून जात होता आणि दर वेळी त्याने फक्त पहिला भाग पाहिला होता. त्याला एकदम वाटलं की आपण पाण्याखालून चालतोय, आवाज उशिरा पोचतायत. एका दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. ते जरा मागे पडून चालत होतं.

त्याच्या घरी चार खोल्या होत्या, लहानपणच्या घरी. आधी दादा नोकरीला लांब गेला, मग ताई लग्न होऊन गेली, मग तो वसतिगृहात. जे सुटतात ते सगळ्यांत जास्त वेग घेऊन सुटतात, आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला ओढ तेवढी उरते. आईबाबा दोघंच राहिले, आणि मोकळं व्हायच्याऐवजी आकसत गेले. आधी दोन खोल्या बंद झाल्या, धूळ नको म्हणून. मग तिसरी. शेवटी दोघं पुढच्या खोलीतल्या एकाच कोचावर बसून असायचे, आणि पंखा दोनवर की तीनवर यावरून इतके तापायचे की शेजारी डोकावून जात. "जागाच पुरत नाही रे," असं बाबा त्याला म्हणाले होते, तीन बंद दारांसमोर बसून. त्याला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. मग पेपर लिहिल्यावर तेवढं वाटेनासं झालं. कोणाचीच चूक नव्हती. ऊब पुरेशी होती, पण बंद डबा, लांबलेला काळ, होणारच होतं. दादाला नातवंडं झाली, ताईचे गुडघे गेले, आईबाबाही गेले, आणि इतकी वर्षं तो या वाक्यावर उशीवर डोकं ठेवावं तसा निवांत होता. आणि आता बाई म्हणत होत्या की ऊब पुरेशी असली तर नाही होत. मग कोसळलं असेल, तर कुठून तरी गळत असलं पाहिजे.

तो वर्षातून दोनदा घरी जायचा. आई विचारायची, कसं चाललंय, तो सांगायचा, बरं चाललंय. आई म्हणायची, "आणि?" तो म्हणायचा, "आणि काही नाही." ते काही फार मोठं नव्हतं. आठव्या घरानंतरचं काहीतरी. ते सांगून कोणाचं पोट भरलं नसतं. भिंत दिसते तशी नसते; जेवढं मिळालं तेवढंच परत दिलं असं तिलाही प्रामाणिकपणे वाटत असतं.

बायकोच्या दवाखान्यात तो पोचला तेव्हा खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडून पडलेले होते. बायको दातांची डॉक्टर होती. तिने मास्कच्या वरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोण गेलं?"

"कोणी नाही. गोळा झाला नाही."

"म्हणजे चांगलं का वाईट?"

गृहस्थांनीही डोळे फिरवून त्याच्याकडे पाहिलं. त्याने दोघांना मिळून सांगितलं, कारण गृहस्थांना उठता येत नव्हतं. बायको ऐकता ऐकता दाढ कोरत होती, आणि तो नेमका "तेवीस वर्षं" म्हणाला तेव्हा यंत्राचा आवाज थांबला.

"मग सांगून टाक," ती म्हणाली. "ज्यांनी छापलंय त्यांना कळव, चुकलं म्हणून. मी चुकीची दाढ काढली असती तर?"

"काढली होतीस?"

"एकदा. लगेच सांगितलं. त्या बाई अजून माझ्याकडेच येतात."

गृहस्थांनी घशातून काहीतरी आवाज काढला.

"तुमची बरोबर आहे हो," बायको त्यांना म्हणाली. मग त्याला, "तुझं तोंड त्या पेपरमुळे असं नाही झालेलं. दोघांच्या सह्या लागतात ना मागे घ्यायला?"

"हो."

"मग कर की फोन. काय खाणारे का तो?"

खाणार नव्हता. तेच अवघड होतं. जोडीदार आणि तो तीन वर्षं एका खोलीत राहिले होते. दोन खाटा, एक टेबल, आणि एक विजेची शेगडी, जिच्या इतकं जवळ तो बसायचा की जोडीदाराने त्याचं नाव मांजर ठेवलं होतं. यंत्राचा वेळ तेव्हा मोजून मिळायचा. प्रत्येक टप्प्याला एकूण ऊर्जा मोजणारी ती एक ओळ अर्धा वेळ खायची. लहान चाचण्यांत त्यांनी ती चालू ठेवली होती, आकडा चार घरांपर्यंत हलत नव्हता. मग दोन हजार ठिपक्यांची मोठी खेप यंत्रावर लावायच्या आदल्या दिवशी वाद झाला. जोडीदार म्हणाला होता, ती ओळ चालू राहू दे. आणि त्याने शेगडीवर हात धरून, मान न वळवता म्हटलं होतं, "अरे, ऊर्जा जाणार कुठे? डबा बंद आहे." ते वाक्य त्याला शब्दन् शब्द आठवत होतं, शेगडीच्या तारेचा वास येत होता. ओळ झाकली गेली. गोळा झाला, पेपर झाला, आणि त्याच वर्षी जोडीदार विषय सोडून शीतगृहं दुरुस्त करायच्या धंद्यात गेला. भांडण असं झालंच नाही. दोघं आपापल्या खाटेवर असायचे, खोली लहान होत गेली, हवा तापत गेली, आणि एके सकाळी दुसरी खाट रिकामी होती. होणारच होतं, असं पेपरमध्ये सिद्ध केलेलंच होतं.

बुधवारी सकाळी त्याने फोन केला.

"बोला, शीतगृह."

"मी बोलतोय."

"सगळेच तसं म्हणतात. कोण?"

"अरे, मी... मांजर."

पलीकडे कसलीतरी घरघर ऐकू आली, बराच वेळ.

"मांजर! जिवंत आहेस? काय बिघडलं, फ्रीज?"

"फ्रीज नाही. आपला पेपर बिघडला."

"मग ये इकडेच. फोनवर बिघाड कळत नाही. आणि स्वेटर घाल."

शीतगृह शहराच्या कडेला होतं, लांबट, खिडक्या नसलेलं, आणि जोडीदार दारातच उभा होता. अंगाने दुप्पट झाला होता, पण उभं राहायची पद्धत तीच, एका पायावर भार देऊन. मिठी मारावी की हात मिळवावा याचा निकाल लागायच्या आत जोडीदाराने जाड दार ओढलं आणि दोघं आत गेले. आत फळांच्या पेट्यांच्या रांगा होत्या आणि एक दिवा. दार मागे बंद झालं तसा बाहेरचा आवाज सुरीने कापल्यासारखा गेला. दोघांच्या तोंडातून वाफ येऊ लागली. बोलायच्या आधीच बोलणं दिसायला लागलं. त्याने सगळं सांगितलं. जुनं यंत्र, तोडलेले आकडे, भिंत. जोडीदार एका पेटीवर बसून ऐकत होता आणि त्याची नजर सवयीने वरच्या नळ्यांवरून फिरत होती.

"म्हणजे गळती होती," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि सापडली."

"बाईंना सापडली."

"माझं अर्धं आयुष्य गळत्या शोधण्यात गेलंय, मांजरा. साबणाचं पाणी लावायचं आणि बघत बसायचं. जिथे फुगा येईल तिथे. आता ते ठिपके काय करतात मग?"

"काही नाही. फिरतात."

"किती दिवस?"

"थांबवेपर्यंत."

"कंटाळत नाहीत?"

"दिसत तरी नाही तसं."

जोडीदार हसला, आणि त्या हसण्याचीही वाफ झाली. तो क्षण चांगला होता, आणि आताच बोलायला हवं होतं. "तू म्हणाला होतास," तो म्हणाला. "ती ओळ चालू ठेव म्हणून. मी ऐकलं नाही. मी म्हटलं, ऊर्जा जाणार कुठे. त्याबद्दल मला..." पुढचं त्याने तोडलं नाही. "त्याबद्दल मला माफी मागायची आहे. तुझ्याशी असं बोलायला नको होतं. तू त्यामुळे गेलास, आणि मी तेवीस वर्षं समजत आलो की तू जाणारच होतास."

जोडीदाराने नळ्यांवरची नजर खाली आणली.

"ती ओळ मी झाकली," तो म्हणाला.

"नाही रे. तू चालू ठेव म्हणत होतास."

"तू म्हणत होतास. डोकं खाल्लं होतंस माझं. मला त्या शुक्रवारी माझ्या ताईकडे जायचं होतं, आणखी कित्येक आठवडे यंत्राच्या दारात बसायची इच्छा नव्हती. मी झाकली."

"पण ते वाक्य माझं आहे. ऊर्जा जाणार कुठे, डबा बंद आहे."

"माझं आहे ते! अजून म्हणतो मी गिऱ्हाइकांना. गॅस जाणार कुठे साहेब, नळी बंद आहे. आणि मग जातो." त्याने पेटीवरून उठून हातावर हात चोळले. "म्हणून तर मी विषय सोडला. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. शेगडीकडे तोंड करून बसलेलास. मला वाटलं, याला कळलंय मी कामचुकार आहे ते, आणि हा चांगुलपणाने बोलत नाहीये."

"मी बोलत नव्हतो कारण मला लाज वाटत होती."

"कशाची?"

"मी झाकली त्याची."

पेट्यांमधून फळांचा मंद, किंचित आंबूस वास येत होता, कुठेतरी एक पंखा अखंड फिरत होता, आणि त्याला वाटलं की हे सगळं तो झोपेत बघतोय. म्हणजे खाटेवर आहे तो, त्याच खोलीत, दुसऱ्या खाटेवरून श्वासाचा आवाज येतोय, आणि उद्या सकाळी मोठी खेप लावायची आहे. त्या खोलीत शेगडीकडे तोंड करून बसलेलं कोण होतं? त्याला पाठ दिसत होती. आजवर त्याला ती आतून दिसायची, तारेची लाली चेहऱ्यावर लागायची. आता ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसू लागली, आणि ओळखू येईना. माफी मागायला तो सव्वा तास प्रवास करून आला होता, आणि माफी हातात घेऊन उभा होता, ती कोणाला द्यायची हेच कळत नव्हतं. तेवीस वर्षं दोघांनी एकाच अपराधाला दोन टोकांनी धरून ठेवलं होतं, आणि त्याची ऊब दोघांनाही पुरली होती.

"बाईंकडे नोंद असेल," तो म्हणाला. "कोणी झाकली त्याची."

"कशाला? यंत्रावर खातं एकच होतं दोघांचं." जोडीदाराने खिशातून पेन काढलं. "आण, सही कुठे करायची?"

थंडीने पेन उमटेना. जोडीदाराने ते तळव्यात घेऊन चोळलं, तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर घातली, आणि त्याने दिलेला कोरा कागद फळांच्या पेटीवर ठेवून तळाशी सही केली. सही बदललेली नव्हती. मग त्यानेही केली. दार उघडल्यावर बाहेरचं ऊन अंगावर आलं आणि चष्म्यावर एकदम धुकं धरलं. काही क्षण त्याला जोडीदार नुसता एक मोठा फिकट आकार दिसत होता.

"तुझ्या आईबाबांचं काय?" तो आकार म्हणाला. "बरे होते फार. मी एकदा आलो होतो तुझ्याबरोबर. पंख्यावरून भांडत होते."

"गेले. आधी बाबा, मग आई."

"आणि?"

त्याने चष्मा काढून पुसला. सांगायचं पुष्कळ होतं, आणि ते सगळं शेवटच्या घरातलं होतं, बारीक, उगाच. तो रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला आणि सांगू लागला. तिन्ही बंद दारांबद्दल, बाबांच्या कोचाबद्दल, आई फोन ठेवायच्या आधी थांबायची त्याबद्दल. जोडीदार भार दुसऱ्या पायावर घेऊन ऐकत होता. माल भरायला आलेला एक ट्रक दोनदा हॉर्न वाजवून शेवटी मागे गेला.

घरी जाताना ठिपके पुन्हा डोळ्यांसमोर आले. ते आता पसरले होते, सगळ्या डब्यात, सारखे नाहीत पण विरळ, आणि मधोमध जरासे दाट, एवढंच. एकमेकांना ओढत होते, जवळ येत होते, वळसा घालून लांब जात होते. भिंतीवर आपटून पूर्ण वेगाने परत येत होते. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. तो पाहत राहिला आणि त्याचा उतरायचा थांबा मागे गेला.

सह्यांच्या वरच्या कोऱ्या जागेत मजकूर लिहून पत्र त्याने त्याच दिवशी पाठवलं: आमच्या पेपरचा निष्कर्ष चुकीचा आहे, चूक आकडे तोडण्याच्या पद्धतीत आहे, ऊर्जा मोजणारी ओळ आम्ही दोघांनी झाकली होती, आणि पेपर मागे घ्यावा. "आम्ही दोघांनी" हे शब्द लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. बायकोने वाचून एक अल्पविराम काढला. शुक्रवारी जुनं यंत्र गेलं. चार माणसांनी ते उचललं, आणि बाई दारापर्यंत गेल्या. गुच्छ एकच आला होता.

संपादकांचं उत्तर नवव्या दिवशी आलं. पेपर मागे घेण्यात आला आहे, असं त्यात होतं. आणि गेल्या तेवीस वर्षांत कोणीही त्याचा आधार घेतलेला नसल्यामुळे, हे इतर कोणाला कळवण्याची आवश्यकता नाही.